टोपी

उद्यमबागेत तीस वर्षं क्रँकशाफ्ट घासले.
केसाच्या दहाव्या भागाचा फरक
माझ्या अंगठ्याला आधी कळतो, डोळ्याला नंतर.

घरी तांदळाच्या पिंपात अकरा कॅमेरे आहेत,
फडक्यात गुंडाळलेले.
बेळगावची हवा काचेला सोसत नाही.
जून ते ऑक्टोबर भिंगाच्या आत बुरशी धरते,
बारीक, पांढरी, कोळ्याला लाजवील अशी.
तांदूळ ओल ओढून घेतो.
मालन भात लावायला जाते
आणि मापट्याला यशिका लागते.
ती काही बोलत नाही. पुसते, बाजूला ठेवते, भात लावते.

सगळ्यांत जुना, येळ्ळूरच्या सुभेदार भरमाजी घाड्यांचा.
लढाई संपल्यावर पलटण जपानात पहाऱ्याला गेली होती,
तिथून आणलेला, सिगारेटच्या चार डब्यांना.
नातवानं मोबाईलच्या हप्त्यासाठी मला विकला.
त्याच्या खिडकीत माणूस दोनदा दिसतो,
कडी फिरवली की एक होतो.
नाही फिरवली तर दोघंही खरेच वाटतात.
तळाला कोरलंय: मेड इन ऑक्युपाइड जपान.

व्याप्त.
हा शब्द आमच्याकडं दर नोव्हेंबरला
काळ्या कापडावर पांढऱ्या रंगानं येतो.
शाळेत असताना ते कापड मीही धरलंय,
घोषणेपेक्षा काठी जड होती एवढंच आठवतं.
आणि आता तोच शब्द तळहातावर, मुगाएवढा,
आणि व्यापायला गेलेला माणूस येळ्ळूरचा.
मी तो फारसा कुणाला दाखवत नाही.
चिकटलेलं शटर तेवढं मोकळं केलं.

मग खानापूर.
स्टेशन रोडला चन्नबसाप्पा अंगडींचा स्टुडिओ होता,
तिथं आता चपला मिळतात.
मागच्या खोलीत त्यांच्या नीलव्वा.
पितळी नळकांडं माझ्या मांडीवर ठेवलं त्यांनी.
हे जपानी नव्हे, विलायती,
कॅमेऱ्यांच्या पणज्याच्या वेळचं,
नाव घासून गेलेलं,
तान्ह्या पोरासारखं डोक्याकडं जड.
शटर कुठाय, मी विचारलं.

"शटर कसलं आलंय.
टोपी काढायची, मोजायचं, टोपी घालायची."
रिकाम्या हवेत करून दाखवलं.
"मराठी गिऱ्हाईक आलं की एक, दोन, तीन.
आमच्यातलं आलं की ओंदु, एरडु, मूरु.
एरडु म्हणायला जरा येळ लागतोय न्हवं?
म्हणून कानडी तोंडं उजळ यायची बघा."
मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
"ह्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.
पावडर लावायचं काम माझं.
मग मराठी तोंडांना मी
जरा जास्तच लावत होतो."

आठ हजाराला सौदा ठरला.
भिंग दिलं. टोपी दिली नाही.
ती देवळीत उताणी होती, पितळेची,
आत मखमल उरलेली थोडी, मखमलीवर विभूती.
"ह्यात आता देवाचं हाय. देता येत नाही."
या छंदात पुष्कळांनी मला टोपी घातली,
ठेवून घेणारी बाई ही पहिलीच.

रविवारी लेथवर पितळेचा तुकडा चढवला.
इतका नेमका उतरला
की काढताना हवा आत ओढली जाते,
बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज होतो.
जुनी अशी नसणार.
जुनी सैल असणार,
रोज निघून निघून.

मालनला खिडकीपाशी बसवलं.
पेटी नाही, काच नाही, कागद नाही,
नुसतं भिंग, तिपाईवर.
कशाला, म्हणाली. तरी पदर सारखा केला.
टोपी काढली.
एक, म्हणालो.
दोन म्हणताना उगाच ओढून म्हणालो,
जितकं ओढता येईल तितकं.
तीनच्या आत कुकरची शिट्टी झाली
आणि ती उठून गेली.