तारांकित

सप्टेंबरात पुढच्या वर्षाचं प्रूफ टेबलावर येतं.
काजूच्या व्यापाऱ्याचं कॅलेंडर, बाराशे प्रती,
वर लक्ष्मी, खाली त्याचे तीन फोन नंबर.
मी बोटानं वार तपासते, मग संकष्ट्या, मग फेस्तं,
आणि ईदपाशी आले की बघते
तारा आहे ना.
एवढासा तारा. पानाच्या तळाशी त्याचा अर्थ:
चंद्रदर्शनानुसार बदल संभवतो.

एका वर्षी तो गळला.
छपाईत गळतात अशा गोष्टी, वेलांट्या, अनुस्वार.
जैनुद्दीन बेपारी आले, चष्मा कपाळावर.
भांडले नाहीत. म्हणाले,
"एवढी खात्री तर चंद्रालाही नसते, बाय."
आणि स्टुलावर बसून उरलेल्या चारशे प्रतींवर
बॉलपेननं तारे काढत राहिले,
पाच टोकांचे, काही सहा.
चहा दोनदा निवला.

मी विचारलं, अमावास्या कधी संपते
ते आता मिनिटासकट कळतं,
मग मान वर करून उभं कशाला राहायचं?
"जन्मला हे कळतं," ते म्हणाले,
"दिसला हे कुणीतरी येऊन सांगावं लागतं."

त्या रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी
मीही चढले त्यांच्या गच्चीवर.
वाळपईत पश्चिमेला डोंगर आडवा,
सूर्य घड्याळाआधीच जातो.
वर भट्ट्यांचा धूर, धुरावर ढगाची एक चिंधी,
आणि चिंधीमागे काय, ते चिंधीलाच ठाऊक.
त्यांनी बेतुलला भाच्याला फोन लावला,
त्याच्यासमोर डोंगर नाही, नुसता समुद्र.
"दिसलो?"
"ना."

नऊच्या पुढे दोह्याहून मुलाचा फोन:
अब्बा, इकडे दिसला, उद्या ईद.
इथला सूर्य बुडल्यावर अडीच तासांनी तिथला बुडतो,
तेवढ्यात चंद्र अर्धं बोट दूर सरकतो उजेडापासून,
कापलेल्या नखाएवढा का होईना, दिसू लागतो.
जैनुद्दीन फोनवर हसले.
"तुमची तुम्हाला मुबारक. आमचा अजून रोजा आहे."

मला हसू आलं ते आमच्याच घराचं.
स्मार्त एकादशी सोमवारी, भागवत मंगळवारी,
बाबा एक दिवस उपाशी, काका दुसऱ्या,
आणि साबुदाणा दोन्ही दिवस भिजलेला.
चंद्राचं वर्ष अकरा दिवस तोकडं;
आम्ही दर तिसऱ्या वर्षाच्या आसपास
अधिक महिन्याचं ठिगळ लावून घेतो.
यांनी नाही लावलं. म्हणून ईद मागे मागे चालत जाते,
काजूच्या बोंडांतून थंडीत, थंडीतून चवथीच्या माटोळीखाली.
जैनुद्दीन म्हणतात, सत्तर वर्षांत
दोनदा सगळं आवार फिरून आली.
भर पावसातल्या ईदेला
नवे कपडे घालून ओल्या चटईवर बसलेलं
त्यांना अजून आठवतं, आणि कुणी रागावलं ते.

दहाला मशिदीतून सांगितलं: कुठूनच खबर नाही. तीस पुरे करा.
खाली सुदिन दूधवाला स्कूटर स्टँडवर लावून केव्हाचा उभा,
वहीत बोट घालून.
"चाचा, उद्या वीस लिटर, की नेहमीचं दोन?"
त्यांनी एकदा त्या चिंधीकडे बघितलं,
ती आता फाटली होती, मागे काहीच नव्हतं.
"उद्या दोन.
परवा वीस. एकतिसावा दिवस नसतोच कुठल्या महिन्याला.
हे पक्कं लिही,
याला तारा नको."