सहा महिन्यांपुरतं

सकाळी फळ्यावरचा कालचा भाव पुसला,
नवा लिहायला खडू उचलला तेवढ्यात
संघाच्या सेक्रेटरींनी कागद पुढं केला.
शेजारच्या बेटावरच्या देशाची तिजोरी रिकामी झालीय,
तिकडून येणाऱ्या सुपारीवरचं आयात शुल्क
सहा महिन्यांपुरतं माफ.
‘पुरतं’ त्यांनी दोनदा वाचून दाखवलं,
बुडत्या माणसाला ओंडका दाखवावा तसं.

श्रीवर्धनात बातमी पाटाच्या पाण्यासारखी फिरते,
या आळ्यातून त्या आळ्यात.
दुपारी संघाच्या ओट्यावर चाळीस माणसं.
हरेश्वर नागवेकर उभाच राहिला:
वादळात माझी तीनशे झाडं आडवी झाली,
तेव्हा माझं कुणी काय माफ केलं?
पोफळ धरायला सात वर्षं लागतात.
तुमचे सहा महिने म्हणजे
माझं एक अख्खं पीक.

कुणी बोललं नाही. हिशेब बरोबर होता.
मीच मांडला होता तो, पेन्सिलीनं,
किलोमागं अठ्ठावीस रुपये.

महमूद पांगारकरांना ऐकू कमी येतं,
म्हणून ते नेहमी उशिरा बोलतात,
सगळ्यांचं बोलून झालं असेल अशा अंदाजानं.
त्यांनी आजोबांची गोष्ट काढली.
खाडीवर त्यांची तर होती, माणशी एक आणा.
पलीकडचं गाव एका रात्रीत जळालं,
भाताच्या उडव्यांसकट.
आजोबांनी धक्क्याच्या खांबावर चुन्यानं लिहिलं,
शिमग्यापर्यंत भाडं नाही.

आणि शिमग्यानंतर? हरेश्वरनं विचारलं, दिलं त्यांनी?

न द्यायला ते काय चोर होते?
पण आजोबांनाच हात पुढं करता येईना.
आठ दिवस दोन्ही हात वल्ह्यावर
आणि नजर पाण्यात.
शेवटी पलीकडच्या एका बाईनं
आणा त्यांच्या मांडीवर आपटला.
म्हणाली, मेल्या, किती दिवस आम्हाला
जळकेच ठेवणार आहेस?

ओट्यावर दोघं-तिघं हसले.
गोष्टीनं भाव वाढत नाही.
निषेधाचा ठराव झाला, मीच लिहिला.
‘तीव्र’ घालावं की नको यावर अर्धा तास गेला,
मग चहा आला, आणि ‘तीव्र’ राहून गेलं.

पंधरवड्यानं वाशीच्या व्यापाऱ्यानं
नमुन्याचं एक पोतं पाठवलं.
तोंड निळ्या दोऱ्यानं शिवलेलं, टाके वाकडे.
सुपारी आमच्या रोठ्याहून लहान,
रंगानं लालसर, चवीला तुरट.
नावं ठेवायला पुरेशी.

सोलणाऱ्या बायकांत यमुना चोगले सगळ्यांत जुनी.
तिनं एक उचलली, दाराच्या उजेडात फिरवली,
अंगठ्यानं सुरीची खाच चाचपली.

नवा हात आहे, ती म्हणाली.
इथं लागलीय बघा. इथं. इथं परत.
आधी दुसरं काहीतरी करत असणार ही.
शिवण असेल, नाहीतर शाळेत शिकवत असेल.
पहिल्या महिन्यात बोटं कापतातच.
मीठ लावून बसायचं, आणि सोलायचं.

बाकीच्या बायकांनी पोत्यात हात घातला.
खाच नसलेली सुपारी शोधायला
बराच वेळ लागला.

हरेश्वर दारात होता, बिलासाठी थांबलेला.
त्यानं एक मागून घेतली,
आपल्या अंगठ्यानं चाचपली,
खिशात टाकली.
मग विचारलं, आज काय भाव?

मी फळा पुसला.
कालच्याहून बावीस रुपये कमी लिहिले.
तो शिव्या देत गेला, देणारच,
त्याच्या पोराची कॉलेजची फी भरायचीय,
आणि ती काही सहा महिन्यांपुरती नाही.

खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात
माफी संपायची तारीख घातली.
रोज भाव पुसताना
तेवढा कोपरा सोडून पुसतो.