उवाचा डावा कान

दोनशे बार. काटा थरथरतो, थांबतो.
रोज तीस टाक्या भरते मी जेटीवर,
परक्या पाठींसाठी
आमच्या बेटाची हवा, मोजून.
आज एकतिसावी माझ्या पाठीवर आहे.

उवा, म्हणजे बाप, होडीत बसलाय
वल्हं मांडीवर आडवं घेऊन.
टाकीकडे असा बघतो
जसं कुणी शेजारच्या घरी जेवायला जाताना
शिदोरी बांधून निघालंय.
एका श्वासात बारा वाव उतरायचा तो,
लाकडी चष्मा, हातात भाला,
वर येऊन नाक शिंकरायचा, एवढंच.

मग बाटल्या आल्या.
खत, रॉकेल, काड्यांचं गूल, वात.
किती वर्षं, ते सांगत नाही.
बोटं सगळी शाबूत आहेत, हे मात्र सांगतो.
डावा कान पहिल्याच वर्षी गेला.
उजवा त्याच्यामागून, सावकाश,
थोरल्याच्या मागं धाकटा जातो तसा.

आजी म्हणायची, तुझी वार
समुद्राला दिली, नारळाच्या करवंटीत घालून.
ती तुझी थोरली बहीण. खालीच राहते.
ताप आला की तिच्यासाठी पान-सुपारी सोडायची.
मला हेवा वाटायचा तिचा,
तिला ना शाळा, ना गोड्या पाण्याचे कॅन.
कुठं सोडली, विचारलं एकदा.
उतरणीवर, आजी म्हणाली,
आणि उवाकडे बघून गप्प झाली.

मी पाठीवर कलंडते.
सहा मीटर. कान दुखतात, नाक दाबून फुंकते, कट्.
नऊ. पिवळ्या शेपट्यांचा घोळका बाजू देतो,
जेटीवर मला कुणी देत नाही अशी.
पोपटमासा पोवळं कुरतडतो
आणि मागून वाळू सोडतो.
आमच्या दारातली पांढरी वाळू ती हीच!
हसू येतं, तोंडात खारं पाणी शिरतं.
आणि आवाज. सगळीकडून तडतड,
हजार चुलींवर एकदम मोहरी टाकावी तसा.
दिसत कुणीच नाही.
बोटाएवढ्या कोळंब्या, म्हणतात,
नांगी मिटतात, त्याचा.

मग उतरण.
इथं मोहरी थांबते.
पोवळ्यांचे तुकडे, फुटक्या बशांसारखे,
खाली खाली घरंगळत गेलेले.
एक गोल खड्डा, माझ्या दोन्ही हातांच्या कवेएवढा.
दुसरा. पाचवा. मोजायचं सोडते.
बुडबुडे तेवढे बोलतात, माझेच.

श्वास कधी रोखू नकोस, हा पहिला नियम.
मी रोखते. उवाची मुलगी आहे.

तट्.
बराच वेळ काही नाही.
तट् तट्.
दोन तुकड्यांच्या फटीत
नखाएवढं जांभळं पोवळं,
आणि त्याखालून कुणाच्या तरी मिशा.

वर उवा टाकी ओढून घेतो.
दोर गुंडाळतो, उलगडतो, पुन्हा गुंडाळतो.
मग विचारतो, बहिरी माणसं विचारतात तसं,
अख्ख्या समुद्राला ऐकू जाईल असं,
"आहे का गं तिथं कुणी?"
माशांबद्दल विचारतो की थोरलीबद्दल,
मला कळत नाही.

त्याचा तळवा होडीच्या फळीवर पालथा ठेवते
आणि शेजारी नखानं वाजवते.
एकदा.
थांबते, खाली थांबले होते तेवढी.
मग दोनदा.

तो पुढच्याची वाट बघतो.
एवढंच, मी हातानं सांगते.
तो तळवा उचलत नाही.