टीएन ३८

नाचिमुत्तू अण्णांना मराठी येत नव्हतं, मला तमीळ.
हिंदी दोघांचीही पंक्चर.
तरी सौदा झाला.
कोईम्बतूरच्या त्या अंगणात त्यांनी टाकी पुसली,
मग पुन्हा पुसली, जिथं काहीच नव्हतं तिथं,
किल्ली माझ्या तळहातावर ठेवली
आणि माझी मूठ त्यांनीच मिटली.
"मेदुवा," म्हणाले. थांबून परत, "मेदुवा."
अर्थ सांगायला त्यांचा हात हवेतून
खाली खाली आला,
झोपलेल्या पोराच्या अंगावर ठेवावा तसा.

चौऱ्याऐंशी हजार तीनशे सोळा किलोमीटर.
एवढं मी आयुष्यात एसटी धरूनही हिंडलेलो नाही.

पहिल्या दिवशी गाडी माझी नव्हती.
होसूरपर्यंत ती डावीकडे झुकायची, मी उजवीकडे,
एका खाटेवर झोपवलेले दोन अनोळखी पाहुणे.
आरसे त्यांच्या उंचीला बसवलेले,
त्यात मला नुसतं आभाळ.
हलवले नाहीत.
मागून काय येतंय ते मान वळवून बघितलं.

चित्रदुर्गच्या लॉजवर डाव्या पेटीत वही सापडली.
अक्षर एकही ओळखीचं नाही, आकडे सगळे ओळखीचे:
तारीख, लीटर, पैसे.
एका पानावर डाग, तेलाचा का चहाचा.
मध्येच सात महिने कोरे.
मग पुन्हा आकडे, पण बारीक, थरथरते.
फोन नंबर होता माझ्याकडे.
विचारलं असतं कुठल्या भाषेत?

विजापूरच्या पुढं गाडी धापा टाकायला लागली.
मी जिनिंगचा फिटर, बावीस वर्षं रोलर आणि पट्ट्या.
बाभळीखाली उभी केली, फिल्टर उघडला.
जाळीला रुई.
काळी पडलेली, तरी रुईच.
सवयीनं दोन अंगठ्यांत ओढून लांबी बघितली:
एकोणतीस मिलिमीटर, आमच्याकडं निघते तेवढी.

अण्णा सूतगिरणीत होते.
आमच्या गाठी तिकडंच जातात,
ताडपत्रीखाली, ह्याच रस्त्यानं उलट्या,
नंबर मी स्वतः शाईनं टाकलेले.
आता ह्यावरून काही सिद्ध होत नाही.
कापूस गुंटूरचाही असेल.
पण फुंकून टाकली नाही. वहीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी, उन्हं कलताना, कन्नडचा घाट.
खाली खानदेश,
मळकट, सपाट, तव्यासारखा अजून तापलेला.
कितीदा उतरलो असेन इथून,
नेहमी खिडकीतून, कुणाच्या तरी डोक्यापलीकडून.
आज मधे कुणीच नाही.
मनगट घाईला आलं.
गोठ्याचा वास लागला की बैलही जू ओढतो.
टाकीवर हात ठेवून मोठ्यानं म्हणालो, मेदुवा.
कठड्यावरचं माकड बघत राहिलं.

चाळीसगावला शेवभाजी, इतकी तिखट
की तीन दिवसांची धूळ नाकावाटे निघाली.
पंपावर वही काढली.
शेवटच्या ओळीखाली तारीख, लीटर, पैसे.
आकडे मराठी घालणार होतो,
मग त्यांच्यासारखेच घातले.
उद्या कुणी वाचायला बसलं तर अडायला नको.

कजगावपाशी केळीच्या बागा, गुडघ्यांना गारवा,
बाग संपली की संपला.

भडगावात धुडकू आप्पा, ओट्यावरून न उठता:
"कोनी शे रे भो हाई?"
चष्मा वर करून नंबरप्लेट वाचली,
टी, एन, परत टी, एन.
"आपलीच शे, आप्पा."
म्हणालो खरा.

रत्ना पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली.
किती पैसे दिले, विचारलं नाही. उद्या विचारेल.
गाडीभोवती एक फेरी मारली,
आरशापाशी थांबली
आणि मनगटानं कपाळावरची बट मागं सारली.
वाकावं लागलं नाही तिला.
आरसे आहेत तसेच आहेत.