स्वल्प नगरी

'हसा' म्हटलं की माणसं दात दाखवतात,
बैलबाजारात दाखवावेत तसे.
नंदगडात सतरा वर्षं हेच बघतोय.
स्टेजवर चढली मंडळी की
शाळेच्या प्रार्थनेला उभी राहतात,
आणि हात कुठं ठेवायचे
हा प्रश्न ज्याला त्याला नव्यानं पडतो.

दस्तगीर मामूंनी शिकवलं, तेव्हा रीळ छत्तीसचं.
पहिला फोटो त्यांचा, म्हणायचे,
ज्याचे पैसे मिळतात तो.
काढ, आणि मोठ्यानं ओरड, 'झाला!'
बोट मात्र उचलू नकोस.
'झाला' ऐकलं की खांदे उतरतात,
कुणी टोपी काढून डोकं खाजवतो,
कुणी साडीची पिन नीट करते,
ओठांना वाटतं, आपलं काम संपलं.
तेवढ्यात.
छत्तीसातले दहा-बारा
मामू असे वाया घालवायचे.
त्यांची बायको हिशेब विचारायची,
ते तिचाही फोटो काढायचे, विचारताना.

मोनाप्पा कुंभाराच्या विद्याचं लग्न.
वऱ्हाड हुक्केरीकडचं, नवरदेव ईरण्णा.
त्यांना मराठी येत नाही असं नाही,
पण फोटोला उभं राहिलं की
माणसाला घरातलीच भाषा ऐकू येते.
म्हणून डावीकडं बघून मी म्हटलं,
'स्वल्प नगरी!'
म्हणजे, थोडं हसा.

उजवीकडून तानूआत्या, जांबोटीच्या,
एका कानानं बहिऱ्या:
'कुठली नगरी रे? आनि जायाचं कुठं?
जेवल्याबिगर मी न्हाय येणार!'

आधी मुलीकडचे हसले.
डावीकडं कुणीतरी समजावून सांगितलं,
मग तिथलं हसू ओळीओळीनं मागं सरकत गेलं,
शेवटच्या रांगेत पोचलं तेव्हा
पुढची रांग दुसऱ्यांदा हसत होती.
आत्या सगळ्यांकडं रागानं बघत होत्या.

आणि मोनाप्पा.
तीस वर्षं कौलं भाजलेला माणूस,
चेहराही तसाच,
एकदा भट्टीतून निघाला की आकार बदलत नाही.
सकाळपासून दोनशे फोटोंत
तो एकच फोटो होता.
त्याचं आधी पोट हललं,
मग फेटा,
मग हात तोंडावर गेला, पण उशिरा गेला.
विद्यानं मान वळवली,
कॅमेऱ्याकडं नाही, बापाकडं.
मुंडावळ्या तिच्या डोळ्यांवरून सरकल्या.
मी दाबलं.

फोटो काही फार चांगला नाही.
एका पोराचं कोपर मध्ये आलंय,
ईरण्णाचे डोळे मिटलेले,
मागं पंख्याचं पातं अर्धंच.

अल्बम ठरवायला मोनाप्पा दुकानात आला,
बोटांच्या पेरांत माती तशीच.
त्या फोटोवर थांबला. बराच वेळ.
मला वाटलं, घेतोय.
म्हणाला, 'ह्यो नको.
ह्यात मी मीच वाटत न्हाय.'
भिंतीसाठी प्रार्थनेवाला निवडला,
सोनेरी चौकटीत,
आणि चौकटीचे पन्नास कमी करायला लावले.

मी वाद घालत नाही.
भिंतीवर बसायचं म्हणजे
माणसाला थोडं बापासारखं दिसावं लागतं.

चार महिन्यांनी हुक्केरीहून फोन.
आधी पाऊस कसा आहे, दुकान कसं आहे,
मग आवाज खाली आणून:
'त्यो नगरीचा फोटो... ऐतेनु?'
आणि स्वतःच दचकून,
'म्हंजे, हाय काय अजून?'

होता. मी काहीच पुसत नाही.
पाठवला.
दोन निळ्या खुणा आल्या,
मग बराच वेळ काही नाही.

ती तिकडं कशी बघत असेल फोनकडं,
ओठ कसे असतील,
हे मी बघायला हवं होतं
असं सवयीनं वाटलं.
मग वाटलं, नको.
तिथं कुणी 'झाला' म्हणणारं नाही,
हेच बरंय.