वाऱ्याला आडवं

दारामागच्या खिळ्याला
एक खाकी पिशवी लटकते.
कुणी आलं की विचारतं, गावाला निघालात का?
मी म्हणते, हो, रोजच.

आत रेशनकार्ड, दोघांची आधार, ताबापत्राची झेरॉक्स.
मूळ प्रत बहिणीकडे, कळव्याला.
झुंबरच्या बीपीच्या दहा दिवसांच्या गोळ्या:
एक तारखेला ताज्या आत, जुन्या पोटात.
पाचशेच्या दोन नोटा. तिसरी होती,
गणपतीत उसनी घेतली, पिशवीकडूनच.
अजून फेडलेली नाही.

माहुलच्या ह्या खिडकीतून टाक्या दिसतात,
पांढऱ्या, गोल, झाकणं घातलेल्या,
पंगत बसायची राहिलीय जशी.
कंपनीचे साहेब एकदा येऊन गेले, मंडप, वडापाव.
म्हणाले, वास आला तर ओला रुमाल नाकाला,
बटणाला हात नाही, लिफ्ट नाही,
आणि वाऱ्याबरोबर पळायचं नाही,
वाऱ्याला आडवं पळायचं.
सकीनाबीनं विचारलं, आडवं म्हणजे कुठं? नाला की भिंत?
साहेब हसले. नकाशा गुंडाळला.

भोंगा दर बुधवारी दहाला वाजतो, तपासणीचा.
आम्ही पाणी भरत असतो, मान वर करत नाही.
झुंबरला तर तो ऐकूच येत नाही.
गोदीत तीस वर्षं पत्र्यावर हातोडा मारला,
कान तिथंच ठेवून आला.
म्हणून आमचा भोंगा वेगळा ठरला,
खांद्यावर थापा.
एक म्हणजे जेवायला ये.
दोन म्हणजे चप्पल घाल.
थापा मी मारायच्या, उठायचं त्यानं.

परवा रात्री पावणेतीनला
दोन थापा माझ्या खांद्यावर पडल्या.
भोंगा नाही. कुत्रीसुद्धा गप्प.
तो नाकाला बोट लावून उभा.
मग मलाही आला,
डब्यात विसरलेल्या मुळ्यासारखा.

सात मजले अंधारात.
त्याचा हात कठड्याला, माझा त्याच्या बनियनला.
पाचव्यावर सकीनाबीचं दार लाथेनं वाजवलं,
बेल नको, बेलमध्ये ठिणगी असते.
खाली त्यानं बोट थुंकीनं ओलं केलं, वर धरलं,
जरा वेळ तसाच उभा राहिला,
आणि निघाला.
मागून आम्ही चाळीसेक माणसं,
ओल्या ओढण्या, ओले टॉवेल, कुणाची तरी बकरी,
एका बहिऱ्याच्या मागं, वाऱ्याला आडवे.

साडेसहाला सांगितलं, काही नव्हतं. किरकोळ.
घरी जा.
गेलो. चहाला शेगडी पेटवताना
हात जरा थांबला, तेवढंच.

पिशवी रिकामी करायला घेतली
तर तळाशी, मी न ठेवलेलं,
नायलॉनच्या दोरीची गुंडाळी
आणि बारा चिमटे.
त्याच्यासमोर धरली. हे काय?
तो बोलला, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा:
कुर्ल्याहून उठवलं तेव्हा शाळेत अकरा दिवस होतो.
कपडे वाळत घालायला दोरी नव्हती.
तू रडली होतीस.
घरासाठी नाही. दोरीसाठी.

मला आठवत नव्हतं.
शपथ, अजूनही नीट आठवत नाही.

दोरी परत तळाशी ठेवली,
तिच्यावर कागद, कागदांवर गोळ्या,
आणि डाळीच्या डब्यातून काढून
पाचशेची एक नोट.
फेडली.