काळी चार

रेल्वे इन्स्टिट्यूटचा पियानो तीन दिवस मी उघडून बसलो होतो.
आत काय सापडलं ते सांगतो :
दोन हेअरपिना, खलाशाचा पितळी बिल्ला,
नमद्यात उंदरानं थाटलेलं घर,
बोरिक पावडरचा थर, आणि हाउजीचं एक तिकीट,
ज्यावर एकच आकडा कापायचा राहिला होता.

मी पेटीवाला. जळगावात दुकान.
बाप कापूस पिंजायचा, त्यामुळे नमदा कळतो मला,
पियानो कळतो म्हणणार नाही.
भुसावळच्या मे महिन्यात तारा आपोआप उतरतात,
सकाळी लावलेलं दुपारी बेसूर.
त्यात कूलर काळी एकच्या किंचित खाली घुमणारा.
तो बंद करा म्हटलं तर सेक्रेटरी म्हणाले,
मिस्त्री, मग तुम्हीच बंद पडाल.

दौलत सुरवाडे येऊन बघून जायचे. पंच्याऐंशी पूर्ण होणार.
हात मागे बांधलेले, लोको शेडच्या फिटरसारखे.
या हॉलची फरशी शनिवारी नाचासाठी गुळगुळीत करायला
अकराव्या वर्षी ते इथे आले.
मिसेस हॅनिगन जेवायला गेल्या की
वीस मिनिटं पियानो त्यांचा.
तेव्हापासून खालच्या सप्तकातली काळी चार मुकी.
दाबली की नुसतं लाकूड वाजायचं, टक्.
मुलानं ती ओलांडायला शिकून घेतलं.

पुढे अकरा वर्षं कलकत्त्याच्या हॉटेलात,
तिथला पियानो धडधाकट,
तरी डावी करंगळी तिथे आली की अडायची,
उडी मारून पलीकडे जायची.
त्या उडीला लोक शैली म्हणाले.
वर्तमानपत्रात आलं. पोरं नक्कल करायची.

हे सगळं मला नंतर कळलं.
मी आपला कामाचा माणूस.
तुटलेली हातोडी दिसली, बसवली.
आदल्या रात्री एकटाच होतो, ती पट्टी दाबली,
आणि ती बोलली,
जाड, खोल, मालगाडी पुलावर चढावी तशी.
मला वाटलं, बक्षीस मिळेल.

कार्यक्रमाला केळीचे व्यापारी, निवृत्त गार्ड,
चर्चमधल्या चार म्हाताऱ्या ठेवणीतल्या फ्रॉकांत,
दादांची नात, मांडीवर बाळ.
बॅनरवर 'जॅझ' मधला झ उलटा छापलेला.
ड्रमवाला पुण्याचा, बासवाला नागपूरचा,
दोघंही शेवभाजीनं घामाघूम.

तिसऱ्या तुकड्यात झालं ते.
हात डावीकडे धावला, करंगळी चुकली की वय झालं म्हणून घसरली,
काळी चार वाजली.

दादा थांबले.
ड्रमवाला दोन ठोके एकटाच पुढे गेला, मग तोही.
यार्डातून इंजिनाची शिट्टी आली, कुणी हललं नाही.
मी खुर्चीखाली चप्पल शोधू लागलो.

त्यांनी पुन्हा ती दाबली. हळू.
परत. मग जोरात.
कान पट्टीजवळ नेला, चष्मा नाकावर घसरला,
आणि एकाच सुरावर, बोटं बदलत, वेळ बदलत,
किती वेळ कोण जाणे,
सत्तर वर्षं वाट पाहणाऱ्या बाईला
आधी नाव, मग गाव विचारावं तसं.
बासवाल्यानं डोळे मिटले.
बाळ रडायचं विसरलं, की मीच ऐकलं नाही.

नंतर केक. निळं क्रीम, उन्हानं ओघळलेलं.
मी दाराशी पळायच्या बेतात.
त्यांनी दंड धरला, फिटरची पकड अजून तशीच.
म्हणाले,
"हिलेबी बोलता येते, हे मले कोनी सांगतलं नही रे."

उद्या येऊन काढू का, मी विचारलं.

उत्तर दिलं नाही.
बोटाला लागलेलं क्रीम चाटत
ते रिकाम्या हॉलकडे बघत राहिले,
आणि डावी करंगळी त्यांच्याही नकळत
पँटच्या शिवणीवर
त्याच एका जागी आपटत होती.